निळी काच

खारघरमध्ये लोखंड दिसत नाही. असायला ते सगळीकडे आहे. उत्सव चौकातून सेंट्रल पार्ककडे जाताना दोन्ही अंगांना ज्या इमारती उभ्या आहेत त्यांच्या खांबाखांबात आहे, तुळयांत आहे, स्लॅबमध्ये आहे. बेलापूरहून पेंधरला जाणाऱ्या मेट्रोच्या खांबांत आहे. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. तेव्हा इथे ओवे, मुर्बी, कोपरा, बेलपाडा ही गावं होती, भाताची खाचरं होती, खाडीकडे खाजण होतं. त्या गावांतलं सगळं लोखंड, म्हणजे नांगरांचे फाळ, विळे, कोयते, कुऱ्हाडी, गाड्यांच्या धावा, एकत्र केलं असतं तरी त्याने एक ट्रक भरला असता की नाही कोण जाणे. आज नुसत्या एका इमारतीच्या पायात त्याहून जास्त पोलाद गाडलं जात असेल. पण त्याच्यावर काँक्रीट, काँक्रीटवर प्लास्टर, प्लास्टरवर पुट्टी आणि पुट्टीवर रंग. नजरेला पडतं ते खिडकीचं ग्रिल, आणि तेही रंगवलेलं.

अप्पांना, माझ्या वडिलांना, हे खटकायचं. सकाळच्या फेरीत कुठे बांधकाम दिसलं की त्यांचे पाय तिकडे वळायचे. सळयांचा ढीग पडलेला असायचा, त्याच्याजवळ ते वाकायचे, सळईवर उठवलेली अक्षरं चष्मा वर करून वाचायचे, कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवायचे. वॉचमन यायचा. “काय पायजे काका?” “काही नको. बघतोय.” वॉचमनला वाटायचं, म्हातारा सळया मोजतोय. आता अप्पा नाहीत, आणि त्याच ढिगांपाशी माझे पाय थबकतात. मी अक्षरं वाचते, अंगठाही फिरवते. मला त्यातलं काही कळत नाही.

आमचं घराणं पनवेलच्या लोहारांचं. जुन्या गॅझेटियरांत पनवेलची नोंद बंदर म्हणून आहे, तशीच गाडीची चाकं तयार करणारं गाव म्हणूनही आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. देशावरचा माल घाट उतरून पनवेलला यायचा आणि पनवेलच्या खाडीतून होड्यांनी मुंबईला जायचा. घाट उतरलेल्या गाडीचं चाक धड राहत नसे. सुतार नवं चाक भरायचे आणि लोहार त्यावर धाव चढवायचे. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली, माल कर्जत-कल्याणच्या वाटेने थेट मुंबईत उतरू लागला आणि पनवेलच्या बंदराची रया गेली. खुद्द पनवेलला रूळ पोचायला मात्र १९६४ उजाडलं, दिवा-पनवेल मार्ग झाला तेव्हा. मधली शंभर वर्षं इकडची सगळी ये-जा बैलगाडीवर चालली आणि आजोबांची लोहारसाळ त्या गाडीवर.

मी आजोबांची साळ पाहिलेली नाही. अप्पांनी सांगितलेली तेवढी माहीत आहे. पण धाव चढवणं ते असं सांगायचे की मी पाहिलंच असावं असं वाटतं. आधी चाकाचा घेर मोजायचा. लोखंडाची पट्टी वाकवून तिचं कडं करायचं, दोन्ही टोकं पांढरी होईपर्यंत तापवून घणाखाली एकजीव करायची. कडं चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचं. किती लहान, ते आजोबांच्या हाताला ठाऊक. मग अंगणात गोवऱ्यांचं रिंगण लावून कडं त्यात पुरायचं. तापलं की ते वाढतं. लाल झालं की तीन-चार जणांनी सांडशांनी उचलायचं आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर एका दमात बसवायचं. लाकूड पेट घ्यायचं, धूर डोळ्यांत जायचा आणि आजोबा ओरडायचे, “पाणी!” घागरी रिकाम्या व्हायच्या. कडं आकसायचं, आऱ्या तुंब्यात घुसायच्या, सगळं चाक करकरायचं. ते करकरणं ऐकून आजोबा सांगायचे की हे चाक किती पावसाळे काढील. मधेच करकर थांबली तर कडं परत काढायचं.

या सगळ्यात महत्त्वाचा होता रंग. कोयत्याला पाणी देताना कुठल्या तांबूसपणाला बुडवायचा, कुऱ्हाडीच्या तोंडात पोलाद भरताना कुठल्या पांढुरकेपणाला घण घालायचा, हे आजोबा डोळ्यांनी ठरवायचे. म्हणून साळीत कायम अंधार. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, लोहार गरीब आहे, खिडकी ठेवायची ऐपत नाही. तो अंधार मुद्दाम ठेवलेला असे. उजेडात तापलेल्या लोखंडाचा खरा रंग कळत नाही.

मात्र ज्या पट्टीची धाव होत होती, ती पट्टी आजोबांच्या वडिलांच्या काळापासूनच या मातीतली नव्हती. मुंबईच्या बंदरात विलायती लोखंड उतरायचं, तिथून ते पनवेलला यायचं. त्याआधी सह्याद्रीत लोखंड गाळणारी माणसं होती. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड होते. जांभ्या दगडातलं लोहखनिज आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत घालून, भात्याने फुंकून ते लोखंड काढायचे. त्या भट्टीत लोखंड वितळतच नसे. तेवढी आच तिच्यात नव्हती. खनिजातला प्राणवायू कोळसा ओढून घ्यायचा, दगडाची मळी पातळ होऊन वाहून जायची आणि मागे राहायचा लोखंडाचा स्पंजासारखा गोळा. तो घणाखाली कुटून कुटून उरलीसुरली मळी बाहेर काढायची. दिवसभराच्या फुंकण्यातून हाती यायचं ते काही शेर. एकोणिसाव्या शतकात कोळशासाठी झाडं तोडायला सरकारी जंगलात मज्जाव झाला, आणि बंदरातून येणारं लोखंड धावडांच्या लोखंडापेक्षा स्वस्त आणि जास्त एकसारखं होतं. भट्ट्या विझल्या. त्यांच्यासाठी कुणी रडलं असेल तर ते धावडच. आमच्या घराण्याने ते विलायती लोखंड आनंदाने घेतलं असणार, कारण त्यात कमी कुटावं लागायचं. ही गोष्ट अप्पा सांगायचे तेव्हा हसायचे. म्हणायचे, “आपणही कुणाची तरी भट्टी विझवलीच आहे.”

ते स्वस्त लोखंड कुठून आलं, हे अप्पांना पुढे पोलाद कारखान्यात नोकरीला लागल्यावर कळलं. तिथल्या छोट्या वाचनालयात पोलादाच्या इतिहासावरची पुस्तकं होती आणि रात्रपाळीत भट्टीच्या दोन घाण्यांच्या मध्ये वाचायला वेळ मिळायचा. इंग्लंडमध्ये जंगल संपत आलं होतं. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून झोतभट्टी चालवली. त्या भट्टीतून लोखंड खरोखरच वितळून वाहायचं, पण ते होतं बीड. कार्बन भरपूर, म्हणून ठिसूळ. ओतकामाला चांगलं, घणाखाली फुटणारं. १७८४ मध्ये हेन्री कॉर्टने त्यावर तोड काढली. बीड वेगळ्या भट्टीत वितळवायचं आणि लांब सळईने ढवळत राहायचं. कार्बन जळत जातो तसं लोखंड घट्ट होत जातं. ढवळणाऱ्या माणसाला पुडलर म्हणायचे. तो भट्टीच्या दाराशी उघड्या अंगाने उभा असे आणि कुठल्या क्षणी गोळा बांधायचा हे नजरेने ठरवत असे. एका पाळीत जेमतेम टन-सव्वा टन लोखंड निघायचं. त्या काळातले कितीतरी रूळ, पूल, इंजिनं आणि आमच्या पनवेलच्या धावा अशा माणसांच्या खांद्यांतून निघाल्या.

मग १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून नुसती थंड हवा सोडली. बिडातला कार्बन आणि सिलिकॉन त्या हवेने जळतात, आणि त्या जळण्याचीच उष्णता लोखंड पातळ ठेवायला पुरते. वेगळं इंधन लागत नाही, ढवळायला माणूस लागत नाही. पुडलरला अनेक दिवस पुरेल एवढं काम वीस-पंचवीस मिनिटांत आटपू लागलं. कातर-वस्तऱ्यापुरतं वापरलं जाणारं पोलाद रुळांना वापरता येईल इतकं स्वस्त झालं. त्यात फॉस्फरस राहायचा ती अडचण १८७८-७९ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने आपल्या रसायनशास्त्रज्ञ चुलतभावाच्या मदतीने सोडवली. हा थॉमस लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून. भट्टीला आतून चुन्याच्या जातीच्या विटा लावल्या, वर चुना टाकला आणि फॉस्फरस मळीत निघून गेला. कोर्टातल्या कारकुनाने हे केलं, याचं अप्पांना मोठं कौतुक. पण त्याहून जास्त आवडायचं ते बेसेमरच्या भांड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचं काम. भांड्याच्या तोंडातून निघणाऱ्या ज्वाळेचा रंग पाहून हवा केव्हा बंद करायची हे तो सांगायचा. क्षणभर उशीर झाला तर पोलाद बिघडायचं. एवढं मोठं यंत्र आलं, तरी शेवटचा शब्द डोळ्याचाच राहिला.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं, आणि आलं तेव्हा इथल्या विझलेल्या भट्ट्यांशी त्याचं काही नातं नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० च्या दशकात या देशातल्या लोखंड उद्योगाच्या आरंभीच्या प्रयत्नांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि अशा कामात सरकारने पुढाकार घ्यायला हवा असा आग्रह धरला. त्याआधी, १८८२ मध्ये, जमशेटजी टाटांच्या हाती एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल पडला होता. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम खनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला दगडी कोळसा आहे, असं त्यात होतं. कोळसा तपासला तेव्हा तो या कामाला चालणारा निघाला नाही. तो चालता तर पहिला मोठा पोलाद कारखाना विदर्भात उभा राहता. पुढे १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाबद्दल टाटांना कळवलं, १९०७ मध्ये मुंबईत कंपनी उभी राहिली आणि १६ फेब्रुवारी १९१२ ला साकचीला पोलादाचा पहिला ठोकळा निघाला. चांद्याकडचं खनिज पडून राहिलं. सुरजागडचा डोंगर पोखरायला सुरुवात झाली ती एकविसाव्या शतकात.

स्वातंत्र्यानंतर १९५६ पासून सरकारने पोलादाच्या वाहतुकीचं भाडं देशभर समान केलं. भिलाईला ज्या भावाने पोलाद मिळायचं, त्याच भावाने ते मुंबईतही मिळू लागलं. ज्यांच्या जमिनीत खनिज होतं त्या मुलखांचा यात तोटा झाला आणि मुंबई-ठाण्याच्या कारखानदारीचा फायदा. पनवेलच्या एका लोहाराच्या मुलाला घराजवळ कारखान्यात नोकरी मिळाली, त्यात या धोरणाचाही हात असेल. तोवर गाड्यांना रबरी टायर आले होते. टायरच्या गाडीला धाव लागत नाही. आजोबा शेवटची काही वर्षं विळ्या-कोयत्यांना धार लावून काढत होते. अप्पांनी साळ बंद केली आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या पोलाद कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. सत्तरच्या दशकात असे विजेच्या भट्टीवर चालणारे बरेच कारखाने निघाले होते. खनिज नको, कोक नको. भंगार आणि वीज असली की झालं.

हेल्परचे ते मेल्टर झाले. भट्टीवरचा मुख्य माणूस. तीन ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड भंगारावर उतरवायचे, ठिणगी पडली की असा आवाज सुटायचा की माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलायची. अप्पा घरीही मोठ्याने बोलायचे, ते त्यामुळे. हातांवर पांढरे डाग होते, आईच्या रांगोळ्यांच्या जुन्या वहीत ठिपके नसतील इतके. सुती शर्टांना बारीक भोकं. आई म्हणायची, यांचा शर्ट चहा गाळायच्या कामाचा.

दसऱ्याला कारखान्यात पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. भट्टीला झेंडूची माळ, पॅनेलला हळदकुंकू. एका दसऱ्याला अप्पांनी मला भट्टीपासून बऱ्याच अंतरावर उभं केलं आणि आपल्या टोपीच्या पुढे अडकवलेली निळी काच काढून माझ्या डोळ्यांपुढे धरली. त्याआधी मला भट्टीच्या दारात नुसता पांढरा उजेड दिसत होता, बघवत नव्हतं. काचेतून बघितलं आणि तो उजेड उलगडला. आत एक तळं होतं. त्यावर मळीची साय होती, साय मधूनच फाटत होती आणि खालून बुडबुडे येत होते. कडेला जरा गडद, मध्ये फिकट. अप्पा कानाशी ओरडून सांगत होते की बुडबुडे म्हणजे कार्बन जातोय, ते मंदावले की समजायचं. मग त्यांनी लांब दांड्याचा पळा आत घातला, रस काढून छोट्या साच्यात ओतला. ठिणग्या उडाल्या. त्या उडण्याकडे ते बघत होते आणि मी त्यांच्याकडे. “बावीस पॉइंट,” ते म्हणाले. म्हणजे शेकडा शून्य दशांश बावीस कार्बन. प्रयोगशाळेतल्या केमिस्टशी त्यांची चहाची पैज असायची. नमुना थंड करून, कीस पाडून, रसायनं घालून आकडा यायला वेळ लागायचा. तोवर अप्पांनी सांगितलेलं असायचं. चहा बहुतेक वेळा केमिस्टच पाजायचा.

नंतर स्पेक्ट्रोमीटर आला. नमुन्यावर ठिणगी पाडली की तिच्या प्रकाशावरून यंत्र मिनिटाभरात पंधरा-वीस मूलद्रव्यांचे आकडे छापून द्यायचं. अप्पांना राग आला असेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ते म्हणाले, “मी कार्बन सांगतो. गंधक किती, तांबं किती, हे मला कुठे दिसतं?” तेही ठिणगीच बघतंय, फक्त माझ्यापेक्षा चांगलं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी माझ्या भावाला कधी भट्टीपाशी येऊ दिलं नाही, आणि ज्या दिवशी तो बँकेत लागला त्या दिवशी पेढे वाटले. धावड, पुडलर, बेसेमरच्या भांड्याजवळचा माणूस, सगळ्यांची छाती भट्टीने खाल्ली होती हे त्यांनी वाचलं होतं. आगीपासून माणूस एकेक पाऊल मागे सरकला याचं त्यांना दुःख नव्हतं.

दुःख दुसऱ्याच गोष्टीचं होतं, आणि ते मला फार उशिरा समजलं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याला, म्हणजे हीटला, नंबर असायचा. तो बिलेटवर, म्हणजे पोलादाच्या ओतीव ठोकळ्यावर, रंगवलेला असायचा आणि रजिस्टरमध्ये नंबरापुढे पाळी, वेळ, आकडे आणि मेल्टरची सही. बाहेर कुठे सळई तुटली, तक्रार आली, की नंबरावरून रजिस्टर उघडायचं आणि अप्पांना बोलावणं यायचं. असं बोलावणं आलं की ते दोन दिवस जेवत नसत. पण ते सांगायचे मात्र अभिमानाने. आजोबांची धाव निघाली तर गाडीवान शिव्या घालत साळीच्या दारात येऊन उभा राहायचा. आपल्या वेळी शिव्या रजिस्टरातून आल्या, एवढाच फरक, असं ते म्हणायचे.

नव्वदच्या दशकात वीज महाग झाली, भंगार महाग झालं. १९९२ मध्ये पोलादाच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि मागोमाग समान भाड्याची सोयही गेली. पुढे पेणजवळ डोलवीला खाडीकाठी प्रचंड कारखाना वाढत गेला. छोट्या भट्ट्यांचा टिकाव लागेना. आमचीही विझली. अप्पा तेव्हा पन्नाशीत होते. त्यांची देणी बराच काळ अडकली, त्यावर मी इथे लिहीत नाही. त्यांनीही कधी पाढा वाचला नाही.

ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे लागले. मुंबईत मस्जिद बंदर, कर्नाक बंदर भागातला लोखंडाचा व्यापार सिडकोने इकडे आणलेला. मैलभर पसरलेली गोदामं, पत्र्याची भेंडोळी, अँगल, चॅनेल, पाइप आणि ट्रेलरच्या रांगा. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना नाव आणि पगार मिळाला ते कामगार खांद्यावर चिंधीची चुंबळ ठेवून लोखंड चढवायचे-उतरवायचे. अप्पांचं काम भंगारातला माल ओळखायचं. तुकडा ग्राइंडरच्या चाकावर टेकवायचा आणि ठिणग्या बघायच्या. लांब, पिवळसर, फारसे फाटे न फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे मऊ पोलाद. फुलबाजीसारखे फाटे फुटले की कार्बन जास्त. आखूड आणि लालसर म्हणजे बीड. स्टेनलेसची ठिणगी कमी आणि नारिंगी. व्यापाऱ्याची मुलं त्यांना ठिणगीवाले काका म्हणायची. कमी पगारावर, पंख्याखाली बसून, त्यांचा डोळा अजून कामाला येत होता.

आमच्या जुन्या इमारतीत एका पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडला. सुदैवाने ओट्यापाशी कुणी नव्हतं. वर सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगलेल्या. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून ते आतून काँक्रीट फोडतं. खाडीची खारी हवा, वरून गळती. अप्पा स्टुलावर चढले. स्क्रू ड्रायव्हरने गंज खरवडला, बोटाने पीळ चाचपला. “टॉर आहे,” म्हणाले. गार असताना पिळलेली सळई. आताच्या टीएमटीसारखी नाही. टीएमटी गिरणीतून लाल निघते तेव्हाच तिच्यावर पाणी मारतात, बाहेरची साल कडक होते आणि गाभ्यातली उष्णता त्या सालीला पुन्हा शेकून चिवट करते. म्हणजे आजोबा कोयत्याला पाणी द्यायचे तेच, फक्त धावत्या सळईला आणि सेकंदात. हे सगळं ते स्टुलावर उभे राहून सांगत होते आणि खाली आई त्यांना उतरा, उतरा म्हणत होती. उतरल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कुणाची ते कळत नाही.” सळईवर काही लिहिलेलं नव्हतं. ज्या गिरणीत ती निघाली ती आता असेल की नाही. ज्या ठेकेदाराने सळईवर काँक्रीटचं कव्हर कमी ठेवलं तो कुठे असेल. सोसायटीच्या सभेत या छतावरून तासभर आरडाओरडा झाला आणि शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपापला पोपडा आपापल्या खर्चाने भरून घ्यावा.

भारत २०१८ मध्ये जपानला मागे टाकून पोलाद उत्पादनात जगात दुसरा झाला. आजची सळई अप्पांच्या सळईपेक्षा चांगली आहे, हे अप्पाच मान्य करायचे. डोलवीच्या कंट्रोल रूममधल्या मुलाला त्याच्या पोलादाबद्दल अप्पांपेक्षा शंभरपट जास्त माहिती असते. पण ती सळई माझ्या भिंतीत आहे आणि तिच्यासाठी ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं असा माणूस मला माहीत नाही. आजोबांच्या गिऱ्हाइकाला तो माहीत होता. अप्पा होते तोवर मलाही एक माहीत होता.

शेवटच्या वर्षी अप्पा बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आत रॉड घालावा लागेल. अप्पांनी विचारलं, “कुठल्या ग्रेडचा?” डॉक्टर हसले. “थ्री सिक्स्टीन एल, काका.” अप्पांनी मान डोलावली. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, कार्बन अगदी कमी, गंजायचा नाही. मग त्यांनी रॉडचा लॉट नंबर मागितला. तो इस्पितळाच्या फाइलमध्ये स्टिकरवर असतो. स्टिकर बघितल्यावरच त्यांनी सही केली. घरी आल्यावर भावाला सांगत होते, “बघ, याला नंबर आहे.”

अस्थी गोळा करायला गेलो तेव्हा राखेत तो रॉड होता. काळा पडलेला, पण सरळ. स्मशानातल्या माणसाने तो बाजूला ठेवला आणि सवयीने विचारलं, “हा नेताय, की राहू दे?” भाऊ गप्प. मी फडक्यात गुंडाळून घरी आणला. चिंचेने आणि राखेने घासल्यावर आकडे वाचता आले. फाइल काढून पडताळून बघितले. बरोबर होते. काही महिने तो कपाटात ठेवला. निळी काचही तिथेच आहे, ती मी ठेवणार आहे. रॉडचं मात्र पटेना. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं टाकून दिलेलं लोखंड वितळवून परत कामाला लावलं, त्याचं लोखंड कपाटात निजवून ठेवायचं हे त्यालाच आवडलं नसतं. दिवाळीच्या साफसफाईला भंगारवाला आला. त्याने तो रॉड जुन्या कढईबरोबर लोखंडाच्या पोत्यात टाकला. मी त्याला थांबवलं. हा लोखंडात टाकू नको, स्टेनलेस आहे, चुंबक लावून बघ, चिकटत नाही. साध्या हीटमध्ये गेला तर निकेल वाया जाईल. वेगळा ठेव आणि भावही वेगळा लाव. त्याने चुंबक लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ताई, तुम्हाला कसं माहीत?”